मुलांना घरीच शिकवतोय: फोंडा-पणजी भागात बाहेरचे शिक्षक आणि ठिकाणं सुचवा

कवळ्याची आई
नमस्कार. मुलगी 12 वर्षांची, धाकटा 9 चा. यंदा जूनपासून दोघं घरीच शिकतायत. भाषा आणि इतिहास मी घेते, पण गणित-विज्ञान पुढे आम्हाला झेपणार नाही. मुलीला पेटीही शिकायची आहे. शिक्षक निवडताना काय बघावं? पोरांना कुठे न्यावं? दहावीचं काय करायचं? सासूबाईंना तर एकच घोर लागलाय, मुलांना सवंगडी कुठून मिळणार.

पेडणेकर बाबा
ताई, आधी दहावीचं मिटवा, घरातली निम्मी काळजी तिथेच संपते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत (एनआयओएस) 14 वर्षं पूर्ण झाली की दहावीला नाव घालता येतं. विषय पाच, मराठी माध्यम आहे, आणि नोंदणी 5 वर्षं चालते, त्यामुळे सगळे विषय एका दमात द्यायची सक्ती नाही. विज्ञान घेतलंत तर प्रात्यक्षिक परीक्षा असते हे ध्यानात ठेवा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात घरच्या शिक्षणाचा वेगळा उल्लेख नाही, म्हणून शाळेचा दाखला आणि मुलांच्या कामाच्या वह्या जपून ठेवा.

आता शिक्षक. सगळे विषय घेणारा ट्यूशनवाला नको, त्याने शाळाच घरात येते. एका विषयाला एक माणूस धरा आणि मुलांनी त्याच्याकडे जावं. निवृत्त शिक्षक मिळाले तर सोनं, पण पोर्शन संपवायची घाई नाही हे पहिल्याच भेटीत सांगा. सुरुवातीला तुम्ही सोप्यावर बसून राहा. मुलाचं उत्तर चुकलं की मास्तर लगेच बरोबर उत्तर सांगतात, की 'कसं काढलंस?' म्हणून विचारतात, तेवढं बघा. मी तरी त्यावरच ठरवतो.

आणि शिक्षक म्हणजे बी.एड.च हवा असं नाही. आगरवाड्याच्या मिठागरात आमचा मुलगा एका काकांच्या हाताखाली जायचा. भरतीचं पाणी मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, आत घेतात, मग एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत दाट करतात. भरती कधी, हे काका तिथीवरून सांगत: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असली तर 4 ची पाऊणपट 3, म्हणजे ढोबळमानाने तीनची भरती. मुलाने ते छापील कोष्टकाशी ताडून पाहिलं, बराच फरक पडला, आणि खाडीच्या आत पाणी उशिरा का चढतं यावर गणिताच्या बाईंशी त्याचा तासभर वाद झाला. अपूर्णांक तिथे पक्के झाले.

पणजीची मावशी
कांपालचं बालभवन नक्की बघा. गाणं, तबला, चित्रकला, हस्तकला, सगळं नाममात्र शुल्कात, आणि गावोगावी त्यांची केंद्रं आहेत. पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालय आहे, 1832 पासूनची संस्था, तिथे दोघांना सभासद करा. मिरामारच्या विज्ञान केंद्रात एका फेरीत सगळं दाखवू नका. एकच दालन, मग घरी तोच प्रयोग. रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला गेलात की सलीम अली पक्षी अभयारण्य. ओहोटीला जा, चिखलात चरणारे पक्षी तेव्हाच दिसतात.

डिचोलीच्या बाई
मी शाळेत शिकवते, तरी विरोध करायला आलेले नाही. एक मात्र सांगते. मिठागर हवंच, पण गणित रोज हवं, अर्धा तास का होईना. मुक्त विद्यालयाकडे वळलेली मुलं मी पाहिली आहेत. समज उत्तम, पण लिहायचा सराव नसल्याने पेपर अर्धा राहतो. सवंगड्यांचं म्हणाल तर गावच्या भजनी मंडळात मुलीला पाठवा. उत्सवाच्या नाटकात बालकलाकार लागतातच. महिनाभराच्या तालमीत मराठी उच्चार असे सुधारतात की वर्गात मला ते जमत नाही. पहिले काही महिने कुणीतरी मोठं माणूस सोबत असू द्या, शिक्षक कितीही ओळखीचे असोत.

कवळ्याची आई
मनापासून आभार. वाड्यावरच्या पेटीमास्तरांना आजच विचारलं, ते मुलीला भजनाला बसवून घेतो म्हणाले. गणित रोज करायचं, हे पटलं. बाबा, मिठागर बघायला कधी यावं?

पेडणेकर बाबा
फेब्रुवारीनंतर, मे अर्धा सरायच्या आत. पहिला पाऊस पडला की काम संपतं. सकाळी लवकर या, टोपी आणि पाणी घ्या, आणि बांधावरून चालताना धाकट्याचा हात धरा, कडा निसरड्या असतात.