समुद्रात कयाकवरून गरवायचं आहे: गाइडला काय विचारावं, कुठला मासा ठेवावा?

नवखा_गरवणारा

नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आम्ही चौघं देवबाग-तारकर्लीकडे जाणार आहोत. पहाटे निघून चार तास कयाकवरून मासेमारी, सोबत गाइड. चौघांनीही धरणात आणि खाडीत कयाक वल्हवली आहे, दर्यात नाही. गाइड कामाचा आहे की नुसता फोटो काढून देणारा, हे आधीच कसं ओळखायचं? आणि मासा लागल्यावर कुठला ठेवायचा, कुठला सोडायचा, सोडायचा तर कसा? तिथे अभयारण्यही आहे असं कळलं.

खाडीमुख

परत कधी फिरता, हे त्याला सगळ्यात आधी विचारा. उत्तर आकड्यात यायला हवं: वारा १० नॉटच्या (ताशी साधारण १८ किलोमीटरच्या) वर गेला की, किंवा घड्याळात दहा वाजले की. "बघू तिकडे गेल्यावर" म्हणणाऱ्याला फोनवरच नमस्कार करा.

कारण सांगतो. त्या दिवसांत पहाटे मतलई वाहतो, जमिनीकडून दर्याकडे. किनाऱ्यालगत माडांचा आडोसा असतो, त्यामुळे पाणी तेलासारखं गुळगुळीत दिसतं. वारा पाठीवर, वल्हं हलकं. पुढे गेलं की आडोसा संपतो आणि कयाक आपसूक बाहेर सरकत राहते. नजर गळाच्या टोकावर असल्यामुळे हे कळत नाही. परतताना तोच वारा तोंडावर येतो. १२ फुटी सिट-ऑन-टॉप (वर उघड्यावर बसायची) कयाक साधारण माणूस ताशी ५ किलोमीटरच्या आसपास नेतो. १५ नॉट वाऱ्यासमोर तो वेग निम्म्यावर येतो, आणि हात दुखायला लागले की त्याच्याही खाली. म्हणून किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरायच्या, म्हणजे देऊळ आणि मागचा टॉवर वगैरे, आणि दर दहा मिनिटांनी बघायचं की रेषा सुटली का. चांगला गाइड हे न विचारता शिकवतो.

दुसरी जागा म्हणजे कर्ली नदीचं मुख. ओहोटीचं पाणी जोरात बाहेर पडतं आणि समोरून फुगाटीच्या, म्हणजे दूरवरून फुगत येणाऱ्या, लाटा येतात. दोन्ही भिडले की लाटा आखूड आणि उभ्या होतात, भर पाण्यात फुटतात. तिथे भरती-ओहोटी पालटताना पाणी ठरतं त्याच वेळी ओलांडायचं, किंवा भरती आत शिरताना. ओहोटीच्या मधल्या दोन तासांत सगळ्यात वाईट. तारीख ठरवताना तिथी बघा: अष्टमी ते दशमी भांगेचं पाणी असतं, ओढ कमी. पुनवेला-अवसेला उधाण, तेव्हा नवख्यांनी मुखाकडे जाऊच नये.

आदल्या संध्याकाळी इन्कॉइसचा (समुद्राचा अंदाज देणारी सरकारी संस्था) अंदाज बघा. लाटेची उंची सगळे बघतात, दोन लाटांमधला अवधी कुणी बघत नाही. १ मीटर लाट ६ सेकंदांची असेल तर नुसता हिंदोळा. तीच १४ सेकंदांची असेल तर उथळावर येऊन चांगली उंच होऊन फुटते. बाहेर शांत, उतरताना घात.

सामान स्वतःच्या डोळ्यांनी बघा. प्रत्येकाला लाइफ जॅकेट, आणि ते घातल्यावर दुसऱ्यानं खांद्यांना धरून वर ओढायचं. कानापर्यंत आलं तर ते तुमच्या मापाचं नाही. जॅकेटला शिट्टी. गाइडकडे जादा वल्हं, १०-१५ मीटर ओढदोर, सुरी, जलरोधक पिशवीत चार्ज केलेला फोन. तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३, हे दोन नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये. चार कयाकना एक गाइड म्हणजे वरची हद्द. नवखे असाल तर दोन घ्या.

तांबोशी_सोडणारा

माशांचं सांगतो, कारण "लहान सोडा, मोठा ठेवा" हा नियम अर्धाच खरा आहे.

जिताडा आधी नर असतो, मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे फोटोसाठी मिरवलेलं १० किलोचं धूड ही बहुधा अंड्यांची कोठी असते. गोब्र्याचं उलटं: आधी मादी, मग काही मोठे होऊन नर. एखाद्या खडकावरचे सगळे मोठे गोब्रे काढले तर तिथे नरच उरत नाहीत. म्हणून दोन्हींत मधल्या मापाचा एखादा ठेवा, थोराड सोडा. तांबोशीची पिल्लं कांदळवनात आणि खाडीत वाढतात, पूर्ण वाढल्यावर बाहेरच्या खडकांकडे जातात. खाडीत लागलेली तांबोशी कितीही देखणी असली तरी बहुधा अजून वयात न आलेली असते. सोडा. सुरमई ७० सेंटिमीटरच्या आत असेल तर बहुतेक वेळा एकदाही अंडी घातलेली नसते.

पण सुरमईत एक गोम आहे. तिला श्वासासाठी सतत पुढे पोहत राहावं लागतं. दमवून, वर काढून, फोटो काढून सोडलेली सुरमई पुष्कळदा तळाला जाऊन मरते. त्यामुळे "पकडा आणि सोडा" म्हणत सकाळभर सुरमया मोजणं मला पटत नाही. खायला हवी तेवढी एक मिळाली की ट्रोलिंग, म्हणजे कयाकमागे गळ ओढत नेणं, बंद करा.

राज्यानं २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी किमान मापं ठरवली आहेत. मापपट्टी कयाकच्या कडेलाच चिकटवलेली हवी. गाइडच्या कयाकवर ती नसेल तर मी त्याला नापास करीन.

सोडायची रीत: तिहेरी गळ काढून एकेरी लावा, गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीनं दाबून टाका. ब्रेड (विणलेली मुख्य दोरी) ३० पौंडी, लीडर (गळाजवळचा जाड तुकडा) ४० ते ६० पौंडी; बारीक दोरीवर मासा उगाच जास्त वेळ झुंजतो आणि तिथेच अर्धमेला होतो. हात आधी पाण्यात ओले करा, कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे संसर्ग होतो. लिप ग्रिपला (ओठ धरायच्या चिमट्याला) उभा टांगू नका, जबड्याचा सांधा निखळतो. दुसरा हात पोटाखाली. सगळ्यात उत्तम म्हणजे मासा पाण्यातच ठेवून लांब नाकाच्या पकडीनं गळ फिरवून काढणं. गळ घशात गेला असेल तर ओढू नका, लीडर तोंडाशी कापा.

२० मीटरच्या खालून गोब्रा किंवा तांबोशी वर आणली तर हवेची पिशवी फुगते, जठर तोंडातून बाहेर येतं. असा मासा सोडला तरी तरंगत राहतो आणि घारी उचलतात. वजनाला उलटा गळ बांधून त्याला परत खाली नेता येतं, पण नवख्यांनी १५ मीटरच्या आतच गरवावं, प्रश्नच मिटतो.

नवखा_गरवणारा

दोघांचे आभार. गाइड म्हणतो की खडकावर नांगर टाकून एका जागी बसू, म्हणजे मासा जास्त. बरोबर आहे का?

सड्यावरचा

नाही. त्या भागात पाण्याखालच्या खडकांवर प्रवाळ आहे. दीड किलोचा घडीचा नांगरसुद्धा ओढला गेला की प्रवाळ मोडतो, आणि तो बोटभर वाढायला वर्षं लागतात. शिवाय अडकलेला नांगर सोडवताना कयाक उलटू शकते. वाहत गरवा. वेग जास्त वाटला तर ड्रोग, म्हणजे कापडी पाणछत्री, मागे सोडा.

वाळूवर नांगर टाकायचाच असेल तर दोरी खोलीच्या निदान तिप्पट, आणि बांधायची ती नाळेला (पुढच्या टोकाला) किंवा पाठीमागच्या टोकाला. बाजूला कधीच नाही. बाजूला बांधली की प्रवाह त्या बाजूला दाबतो आणि पुढची लाट थेट मांडीवर येते. दोरीच्या टोकाला तरंगता गोळा ठेवा, एका झटक्यात सोडून देता आली पाहिजे.

अभयारण्याचं: मालवण सागरी अभयारण्य १९८७ चं, २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातलं ३.१८ गाभा क्षेत्र. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या भोवतीचं पाणी त्यात येतं. तिथे दोरी टाकायचीच नाही, भले शेजारी दुसरा कुणी टाकत असेल. गाइडनं हद्द नकाशावर बोट ठेवून दाखवली पाहिजे.

कयाक उलटलीच तर: आधी वल्हं धरा (ते कयाकला दोरीनं बांधलेलं हवं, स्वतःला नाही). पोटाखालून हात घालून कयाक सरळ करा. मग मधोमध दोन्ही हात ठेवून पाय पाण्यावर आडवे आणा, लाथा मारत पोटावर चढा, उलटे फिरून बसा, शेवटी पाय आत. उभ्यानं चढायला गेलात तर कयाक परत अंगावर येते. निघण्याआधी कमरेएवढ्या पाण्यात प्रत्येकानं दोनदा हे करायचं. गाइड हे करून घेत नसेल तर तुम्हीच म्हणा. झाकणं घट्ट आहेत ना तेही तेव्हाच कळतं. पोटात पाणी शिरलेली कयाक वरून ठीक दिसते, पण बाजूला कलली की पाणी सगळं तिकडे धावतं आणि ती परत सरळ होत नाही.

उतरताना काठ्या आत झोपवा, गळ काढून ठेवा, फुटलेल्या लाटेच्या पाठीवरून या. खाली उडी दर्याच्या बाजूला मारायची. कयाक आणि किनारा यांच्यामध्ये उभं राहिलं की पुढची लाट ती गुडघ्यांवर आणून आदळते.

खाडीमुख

दोन गोष्टी राहिल्या. तरंगणारे गोळे, बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे ओळीनं दिसले तर खाली जाळं आहे. ओळीला फेर घालून जा, गळ अडकला तर आपली दोरी कापा, त्यांचं जाळं नाही. किनाऱ्यावर रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढली जात असेल तर तिच्या दोन टोकांच्या मध्ये उतरू नका, तांडेल (जाळ्यावरचे म्होरके) शिव्या घालतील आणि त्या रास्त असतील. कापलेली ब्रेड तुकडासुद्धा पाण्यात टाकायची नाही. नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवं किनाऱ्याकडे येतात. झाकणाची बाटली घ्या, तुकडे तिच्यात.

शिंगाळा लागला तर हातात धरू नका. पाठीवर एक आणि बाजूला दोन काटे, विषारी. लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात, म्हणजे ४५ अंशांच्या आसपास, अर्धा ते दीड तास हात बुडवून ठेवा. काटा आत मोडला असेल तर डॉक्टर. म्हणून गाइडच्या थर्मासमध्ये चहा असो वा नसो, गरम पाणी असावं.