मदत हवी आहे : टर्नटेबल जोडलं, पण आवाज फाटतोय आणि मागे सतत घूं

वेलदूर_खाडी :
नमस्कार मंडळी. तबकड्या वाजवायला नवीन टर्नटेबल घेतलं, सुईचा क्षीण आवाज वाढवणारा वेगळा फोनो प्रीअँपही घेतला, सगळं व्यवस्थित जोडलं. तरी आवाज फाटतो. तबला पत्र्याचा डबा बडवल्यासारखा वाजतो आणि मागे घूं चालूच. वायरी तीनदा काढून घातल्या. रविवारी बाबांना पंचाहत्तर पूर्ण होतायत. गिरगावात नोकरीला असताना त्यांनी जमवलेल्या तबकड्या त्यांना ऐकवायच्या आहेत. आज गुरुवार. लवकर सांगा.

कातळसडा :
कुठलं टर्नटेबल? अँप्लिफायर वेगळा आहे की स्पीकरमध्येच? प्रीअँपमधून निघालेली लाल-पांढरी वायर अँप्लिफायरच्या ऑक्सला (साध्या इनपुटला) घातलीत की फोनोला (टर्नटेबल थेट जोडायच्या इनपुटला)? "सगळं जोडलं" एवढ्यावरून काय सांगणार?

माडबन_२ :
इतका खटाटोप कशाला? सगळी जुनी गाणी मोबाइलवर मिळतात. ब्लूटूथ स्पीकर आणा, मी तेच केलं.

वेलदूर_खाडी :
@माडबन, गाणी कुठे मिळतात हे विचारलेलं नाही.
@कातळसडा, अँप्लिफायर जुना आहे, वेगळा. ऑक्सला घातलंय. टर्नटेबल पट्ट्यावर फिरणारं, साधंच.

अर्थिंगवाले :
घूं येतं म्हणजे घराचं अर्थिंग नाही. जांभ्यात ते धड लागतच नाही. खड्ड्यात मीठ-कोळसा घालून उन्हाळाभर पाणी ओतावं लागतं. टर्नटेबलातून एक बारीक तार निघते, ती सरळ सॉकेटच्या अर्थला द्या.

कातळसडा :
कृपा करून असलं काही सांगू नका! सॉकेटमध्ये हात घालायचा नाही. ती तार प्रीअँपच्या मागे जीएनडी (म्हणजे ग्राउंड) लिहिलेल्या स्क्रूखाली आवळायची. वेलदूर, ती तार कुठे आहे सध्या?

वेलदूर_खाडी :
कुठे लावायची कळलं नाही, म्हणून टेप गुंडाळून मागे सोडली आहे.

अर्थिंगवाले :
तीस वर्षं वायरिंग करतोय मी. अर्थिंग तपासा म्हणणं चूक आहे का?

कातळसडा :
तपासणं चूक नाही. ही तार तिथे जोडणं चूक आहे.

देवगडी_हापूस :
अरे, टर्नटेबलाच्या मागच्या बाजूक बारीक स्विच आसा काय बघ आधी. फोनो आणि लाइन लिवलेलो. लाइनवर आसात तर आतलो प्रीअँप चालू आसा, आणि तू भायरसून दुसरो लावलंस.

कातळसडा :
हेच असणार! मूव्हिंग मॅग्नेटच्या (नेहमीच्या, चुंबकावर चालणाऱ्या) सुईतून निघतात जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट, प्रीअँप ते साधारण शंभरपट करतो. शिवाय तबकडी कापताना खर्ज दाबलेला आणि वरचे सूर चढवलेले असतात. १९५४ पासून त्याचं आरआयएए (अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना) हे ठरलेलं प्रमाण आहे. प्रीअँप ते उलटं करून मूळ आवाज देतो. दोनदा उलटं केलं की खर्ज फुगतो, आणि आधीच वाढवलेला आवाज दुसऱ्या प्रीअँपला झेपत नाही, म्हणून फाटतो. स्विच फोनोवर करा. नाहीतर बाहेरचा प्रीअँप काढून लाइनवरून थेट ऑक्सला जा. दोन्ही एकदम नको. जोडताना आधी अँप्लिफायर बंद करा.

शंखशिंपले :
७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, जुन्या) तबकड्या असतील तर ही सुई चालणार नाही, त्यांची खाच रुंद असते.

वेलदूर_खाडी :
सगळ्या ३३ च्या आहेत.

स्विच होता!! रबरी पायाजवळ, नखाने सरकवावा लागला. लाइनवरच होता. फोनोवर केला, तार स्क्रूखाली आवळली. घूं गेलं, अगदी कान लावला तरच ऐकू येतं. आता माडीवर कोणी चाललं की सुई उडते, त्याचं काय?

देवगडी_हापूस :
फळ्यांची तक्तपोशी मा ती, हलतली. खाली भितीतल्या कोनाड्यात ठेव. स्पीकर त्याच टेबलार ठेवू नको.

शंखशिंपले :
तबकड्यांना बुरशी आली असेल. डिस्टिल्ड पाणी आणि मऊ फडकं वापरा, खाचेच्या दिशेनेच पुसा. मधल्या कागदाला पाणी लावू नका.

वेलदूर_खाडी :
माजघरातल्या कोनाड्यात बसवलं. बाबा बागेत गेलेत तोवर एक बाजू ऐकली. तबल्याची शाई आणि चाट वेगवेगळी ऐकू येते. देवगडी, कातळसडा, मनापासून आभार.

अर्थिंगवाले :
छान झालं. पण पावसाआधी वायरमन बोलवून अर्थिंग बघून घ्याच, आणि विजा चमकत असताना प्लग काढून ठेवा.