गॅदरिंगमध्ये नववीचा इंग्रजी स्टॉल: जपानी शाळांची पद्धत आपल्याकडे कशी बसवायची?

मलप्रभा_काठ (खानापूर तालुका, बेळगाव जिल्हा)

मराठी माध्यमाचं हायस्कूल आहे, नववीचा पट ३८. गॅदरिंगला इंग्रजीच्या नावाखाली दोन भाषणं आणि एक नाटुकली ठरलेली. तीच चार मुलं पाठ केलेलं घडाघडा म्हणतात, बाकीची खाली बसून टाळ्या वाजवतात. जपानच्या हायस्कूलात प्रत्येक वर्ग आपापलं दालन चालवतो असं वाचलं. तसं काही नववीपुरतं, इंग्रजीत करायचा विचार आहे.

तिथे हे ठरतं कसं, किती आधीपासून? त्यांच्या इंग्रजीच्या तासातलं काही उचलण्यासारखं आहे का? सगळ्या ३८ जणांना बोलतं कसं करायचं? पालक मराठी-कन्नड बोलणारे, मग इंग्रजी ऐकून घेणार कोण? खर्च अडीच हजारांच्या आत बसला पाहिजे.

तिसरी_घंटा

सर, आधी वयाचा हिशेब बघा. जपानी हायस्कूल म्हणजे पंधरा ते अठरा वयाची मुलं, तीन वर्षं; आपली दहावी आणि पीयूसी (अकरावी-बारावी). तुमची नववी म्हणजे त्यांच्या मिडल स्कूलचं शेवटचं वर्ष. तेव्हा त्यांचं सगळं जसंच्या तसं नववीच्या डोक्यावर ठेवू नका.

वर्ग दालनं चालवतात त्या शाळेच्या सणाला ते बुंकासाई म्हणतात. बहुतेक शाळांत सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये एक-दोन दिवस असतो. आपल्याकडे गॅदरिंग म्हणजे अभ्यास बाजूला ठेवून करायची गोष्ट. तिथे अभ्यासक्रमातच ‘विशेष उपक्रम’ असा भाग आहे आणि त्यात होमरूम (वर्गाचा वर्गशिक्षकांबरोबरचा स्वतःचा तास), विद्यार्थी परिषद व शालेय कार्यक्रम येतात. होमरूमला वर्षाला ३५ तास, म्हणजे आठवड्याला एक. खरी मेख इथे आहे. काय करायचं, कोण करणार, भांडण झालं तर काय, हे सगळं या तासात मुलंच मिटवतात. वेळापत्रकात असा तास नसेल तर उरतं काय? शेवटच्या आठवड्यात सरांनी आणि दोन हुशार मुलींनी रात्री जागून केलेली सजावट.

साधारण क्रम असा. वर्ग दोन प्रतिनिधी निवडतो. सूचना फळ्यावर लिहून मतदान होतं आणि दोन-तीन पसंतींचा अर्ज विद्यार्थ्यांच्याच कार्यकारी समितीकडे जातो. दोन वर्गांनी एकच मागितलं की चिठ्ठ्या टाकतात. भुताच्या घरावर तर हटकून. अर्जाबरोबर खोलीचा नकाशा, सामानाची यादी, खर्च आणि विजेवर काय चालणार ते लिहून द्यायचं. त्यांची उन्हाळी सुट्टी जुलैच्या शेवटापासून ऑगस्टभर असते, म्हणून निर्णय बहुधा सुट्टीआधीच होतो. आदल्या दिवशी तास बंद, फक्त तयारी. नंतरची आवराआवरही मुलांचीच. रोज वर्ग झाडायची सवय असल्याने त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. शिक्षक पैशाचा हिशेब आणि सुरक्षितता बघतात, एरवी हात मागे.

आपल्याकडे जुलैत मतदान घ्या. गणपतीचे अकरा दिवस बेळगाव भागात कुणी हाताला लागत नाही, ते सोडूनच द्या. दसऱ्याच्या सुट्टीआधी यादी आणि नकाशा पक्का करा. १ नोव्हेंबरच्या (राज्योत्सव आणि काळा दिन) आसपासचे दिवस नकोत, कारण सांगायला नको. प्रतिभा कारंजीच्या (कर्नाटकातली सरकारी शालेय कलास्पर्धा) फेरीची तारीख कळल्याशिवाय आपली तारीख छापू नका, नाहीतर चांगली मुलं नेमकी त्या दिवशी क्लस्टरच्या (जवळच्या शाळांच्या गटाच्या) फेरीला. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात विधिमंडळाचं अधिवेशन लागलं की साहेब लोकांना बोलावण्यात अर्थ नाही. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा बरा.

दोनरेघी

इंग्रजीच्या तासाबद्दल थोडं रोखठोक लिहितो. जपानकडून कार्यक्रम कसा चालवायचा ते शिका. इंग्रजी बोलायला कसं शिकवायचं, ते त्यांनाच अजून नीट सुटलेलं नाही.

कागदावर बघाल तर तयारी भरपूर. २०२० पासून तिसरी-चौथीला वर्षाला ३५ तास, पाचवी-सहावीला ७० तास आणि तिथे तो रीतसर विषय. मिडल स्कूलला वर्षाला १४०. हायस्कूलसाठी २०२२ पासून नवे विषय, एक ‘इंग्रजी संवाद’ आणि दुसरा ‘तर्क व अभिव्यक्ती’. बारावी होईपर्यंत चार ते पाच हजार शब्द व्हावेत असं धरलंय. हायस्कूलचा इंग्रजीचा तास मुळात इंग्रजीतूनच घ्यावा, असं २००९ च्या आराखड्यात आलं आणि २०१३ पासून ते लागू झालं.

पण परीक्षा काय विचारते ते बघा. २०२१ पासूनच्या विद्यापीठ प्रवेशाच्या सामायिक परीक्षेत वाचनाला १०० आणि ऐकण्याला १०० गुण. बोलणं नाहीच. खासगी परीक्षांमधून बोलण्याचे गुण धरायची योजना २०१९ मध्ये ऐनवेळी पुढे ढकलली आणि २०२१ मध्ये गुंडाळली. त्यामुळे पुष्कळ वर्गांत अजून वाक्य घे, व्याकरण सोडव, जपानीत अर्थ लिही हाच धोपट मार्ग. आपल्या एसएसएलसीच्या (दहावी बोर्डाच्या) वर्गात बसल्यासारखं वाटेल. तोक्योने मात्र २०२२ पासून मिडल स्कूलच्या शेवटच्या वर्षाला बोलण्याची चाचणी सुरू केली आणि तिचे २० गुण सरकारी हायस्कूलच्या प्रवेशात धरले. तेव्हा कुठे ‘बोलायचा सराव कधी?’ असं पालक विचारू लागले.

परदेशी सहाय्यक शिक्षक हा त्यांचा दुसरा आधार. सरकारी योजना १९८७ पासून आहे. हा सहाय्यक एकटा वर्ग चालवायचा नसतो, जपानी शिक्षकाच्या जोडीने उभा राहतो. त्याचा खरा उपयोग उच्चार दाखवायला कमी आणि जपानी न कळणारा माणूस समोर उभा करायला जास्त. समोरच्याला आपली भाषा येत नाही म्हटल्यावर इंग्रजी काढावंच लागतं. तुमच्या स्टॉलला हेच लागणार आहे, त्यावर पुढे कुणीतरी लिहा.

तासातलं एक मात्र जरूर उचला: मोठ्याने वाचनाच्या पायऱ्या. आधी सगळ्यांनी शिक्षकामागे एकसुरात वाचायचं. मग प्रत्येकाने आपापल्या गतीने, सगळे एकदमच. वर्गात बाजार भरतो, भरू द्या. तिसरी पायरी महत्त्वाची. ओळीचा एक तुकडा डोळ्यांनी उचलायचा, मान वर करायची, समोरच्याच्या तोंडाकडे बघून तो बोलायचा, मग पुढचा तुकडा. कागदावर नजर असताना तोंड उघडायचं नाही, नियम एवढाच. (ही युक्ती मुळात जपानी नाही; बंगालमध्ये नोकरी केलेल्या एका इंग्रज शिक्षणतज्ज्ञाची आहे.) रोज सात-आठ मिनिटं, सहा आठवडे. तुकडा चार-पाच शब्दांपेक्षा मोठा घेतला की मुलं परत कागदात डोकं घालतात.

उच्चारांचे त्यांचे सराव मात्र घेऊ नका. र आणि ल वेगळे काढायला त्यांना जो घाम फुटतो, तो आपल्या पोरांना फुटत नाही. आपल्याकडे घरी कन्नड बोलणारी मुलं ‘बस्सु’, ‘बुक्कु’ असा शेवटी उकार लावतात, तेवढा काढला तरी पुष्कळ.

चोर्ला_वळण

३८ पट म्हणताय तर गणित छान बसतंय. चार टेबलं. प्रत्येकावर तिघं: एक बोलणारा, एक वस्तू करून देणारा, एक कूपन घेणारा. म्हणजे एका पाळीत बारा जण. पाळ्या तीन, झाले छत्तीस. उरलेले दोघं पाळीप्रमुख, हातात घड्याळ. पाळी ४५ मिनिटांची, आणि दर १५ मिनिटांनी टेबलावरचे तिघं कामं बदलतात. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला १५ मिनिटं बोलणं येतंच, पळवाट नाही. पाळीप्रमुखांनी दारात उभं राहून येणाऱ्यांचं इंग्रजीत स्वागत करायचं, नाहीतर तेच दोघं सुटतील. बुंकासाईत पाळ्या लावतात त्याचं आणखी एक कारण: पाळी नसलेल्या मुलाला दुसऱ्यांचे स्टॉल बघता येतात.

वाक्यं पाठ करून घेतलीत तर चार मुलांच्या भाषणाऐवजी ३८ मुलांची भाषणं ऐकायला मिळतील. टेबलावर निवड ठेवा. सरबताच्या टेबलावर समजा मुलगी म्हणाली, ‘स्वीट ऑर सॉल्टी?’ गिऱ्हाईक म्हणालं, ‘बोथ, बट लेस शुगर.’ आता तिला ऐकूनच हात चालवावा लागतो. साखर जास्त पडली तर गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं, म्हणजे निकाल जागेवर. टेबलामागे आठ-दहा वाक्यांचा तक्ता असू दे, पण त्यात अडल्यावर वापरायची दोन हवीतच: ‘सॉरी, कुड यू से दॅट अगेन?’ आणि ‘वन मिनिट, प्लीज, आय विल आस्क.’ ही नसली की मूल गप्प होतं आणि शेजारचा हुशार मुलगा मध्ये तोंड घालतो. सगळी फसगत इथेच होते.

गिऱ्हाइकांचं: बेळगावात कॉलेजला जाणारे तुमचेच माजी विद्यार्थी सहा ते आठ जण बोलवा. त्यांनी दिवसभर मराठी-कन्नड येत नसल्याचं सोंग करायचं. पालकांना दारात एक चिठ्ठी द्या, तिच्यावर एकच मागणी देवनागरीत आणि कन्नड लिपीत लिहिलेली. ती वाचून दाखवली की झालं, पालकांनाही मजा येते. बाहेरचे फलक तिन्ही भाषांत लावा, उगाच कुणाला बोलायला जागा नको.

मलप्रभा_काठ

पाळ्यांचं पटलं. कूपन कशाला पण, रोख नको का? आणि खाण्याचं काय ठेवावं?

शेंगाचटणी

बाई असाल की सर माहीत नाही, पण रोख अजिबात नको. सुट्टे मोजण्यात इंग्रजी राहून जातं आणि संध्याकाळी गल्ल्यात वीस रुपये कमी भरले की रडारड. ए-फोर कागद आडवे चार, उभे आठ असा कापला की ३२ कूपनं होतात. पाच रुपयांचं एक, मागे शाळेचा शिक्का. विक्री एकाच जागी, मोठ्या माणसाच्या हातात. पैसे घेण्याआधी मुख्याध्यापक आणि एसडीएमसीची (शाळेच्या विकास व देखरेख समितीची) लेखी परवानगी घ्या. ती नसेल तर कूपनं फुकट वाटा, खेळ तोच राहतो.

खाण्याच्या बाबतीत जपानी शाळा फार कडक. आरोग्य केंद्राला आधी कळवायचं, बऱ्याच ठिकाणी पदार्थ हाताळणाऱ्या मुलांची शौच तपासणी होते, आणि विकायच्या आधी तिथेच गरम केलेला पदार्थ चालतो, कच्चं काही नाही. आपण तपासणी नाही केली तरी धोरण तेच धरा. कापलेली फळं, दही, ओली चटणी, खोबरं घातलेलं काहीही नको. कोरडे चुरमुरे-शेंगदाणे, पाकिटातले राजगिरा लाडू आणि सरबत, बास. भजीची कढई वर्गात नको, मुलांनी तर नकोच.

सरबत १०० ग्लास, १५० मिलीचे: लिंबं ५० लागतात, ६० आणा. साखर दीड किलो, ती दीड लिटर पाण्यात उकळून पाक करून ठेवा. ग्लासाला पाच चहाचे चमचे म्हणजे गोड, तीन म्हणजे कमी गोड. एकूण पाणी १५ लिटरच्या आत, आदल्या दिवशी उकळून गार केलेलं. साखर थेट ग्लासात घातली तर विरघळेपर्यंत रांग दारापर्यंत जाते, म्हणून पाक. रस सकाळी काढा. रात्री काढून ठेवला की कडवट होतो. लिंबं, साखर, ग्लास, कागद, रंग, दोऱ्या धरून अडीच हजारांत सहज बसेल, पण मंडप-स्पीकर त्यात धरू नका.

तिसरी_घंटा

एक भर. मुलांनी भुताचं घर निवडलं तर नाही म्हणू नका, पण खोली काळी करायला कागद आणि प्लास्टिक लावतात त्याच्या जवळ बल्ब किंवा मेणबत्ती नको, बॅटरी वापरा. आतली वाट दोन मुलं शेजारी चालतील एवढी रुंद आणि दुसरं दार उघडं. इंग्रजी तिथेही बसतं: भूत कोडं घालतं, उत्तर दिल्याशिवाय पुढे सोडत नाही.

गॅदरिंगला जोडून खेळ असतील तर जपानी क्रीडादिनातली एक गोष्ट घ्या. तिथे पुष्कळ हायस्कूलांत तिन्ही वर्षांची मुलं मिसळून रंगांचे गट करतात. आठवी-नववी-दहावी एकत्र केली तर दहावीची मुलं आपोआप पुढारी होतात, आणि वर्गावर्गातली खुन्नस कमी होते. मानवी मनोरे मात्र घेऊ नका. मुलं जायबंदी झाल्यामुळे तिथल्या क्रीडा विभागाने २०१६ मध्ये सुरक्षिततेची खात्री नसेल तर करू नका असं शाळांना लेखी कळवलं.

दोनरेघी

भुताच्या घराला माझा विरोध आहे. अंधारात तोंडं दिसत नाहीत, आणि ओरडाआरड्यात कोडं कुणाला ऐकू जाणार? निदान पहिल्या वर्षी उजेडातलंच घ्या.

मलप्रभा_काठ

उजेडातलंच घेतो. गुण द्यायचे का यासाठी?

चोर्ला_वळण

स्टॉलवर उभं राहून वही घेऊन गुण मांडायला लागलात की पोरं परत पाठांतरावर जातील. त्यापेक्षा त्या माजी विद्यार्थ्यांकडे नावांची यादी द्या. प्रत्येक मुलाने न समजलेलं परत विचारलं का, एवढंच बरोबर-खूण करून आणू दे. ते अंतर्गत मूल्यमापनाच्या उपक्रमात लिहिता येतं. आणि यादी दोन प्रतींत करा; एक हमखास सरबतात भिजते.