बेकर्सफील्ड (केर्न काउंटी) राहायला कसं आहे?

कोथरूडची_मैना: नमस्कार मंडळी, नवऱ्याला कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डला जॉब मिळतोय, सोलरमधे. कॅलिफोर्निया म्हटल्यावर सासूबाईंचे बीचवर फिरायचे बेत पण सुरू झाले, मॅपवर बघितलं तर समुद्र डोंगरापलीकडे आणि आजूबाजूला नुसती शेतं! ही केर्न काउंटी शहर म्हणायची की खेडं, आणि चालते कशावर? हवामानाचं पण सांगा, सासऱ्यांना दमा आहे, ते येऊन राहणारेत.

माणदेशी_गडी: ताई, दोन्ही. काउंटी आपल्या नगर जिल्ह्यापेक्षा मोठी, लोक मात्र ९ लाखांच्या आसपास, त्यातले ४ लाख बेकर्सफील्डात, बाकी शेती, डोंगर आणि पूर्वेला मोजावे वाळवंट. चालते कशावर म्हणाल तर जमिनीतून जे निघेल त्यावर. १८५० च्या दशकात केर्न नदीच्या वरच्या अंगाला सोनं सापडलं, १८६६ ला काउंटी झाली तेव्हा मुख्यालय पण हॅविला नावाच्या खाणीच्या गावात होतं, ते १८७४ ला बेकर्सफील्डला आलं. मग १८९९ ला तेल. १९१० ला टाफ्टजवळ लेकव्ह्यूची विहीर अशी उसळली की दीड वर्ष बंदच होईना, ९० लाख पिंपांच्या घरात तेल वर आलं आणि त्यातलं बरंचसं वाया गेलं. इथलं तेल घट्ट, म्हणून जमिनीत वाफ सोडून काढतात. कॅलिफोर्नियाचं बहुतेक तेल अजून इथलंच आहे पण उत्पादन उतरतंय, त्यामुळे सोलर आणि काउंटीतल्याच डोंगरातल्या तेहाचापी गावाकडच्या पवनचक्क्यांना जोर आलाय.

खरी मारामारी पाण्याची. वर्षाला पाऊस जेमतेम ६ इंच, आमच्या माणला पण याहून जास्त पडतो, आणि तरी बदाम, पिस्ता, द्राक्षं, संत्री, गाजरं सगळं पिकतं! सिएरा नेवाडाचा बर्फ वितळून येतो तो कालव्यातून, उत्तरेहून फ्रायंट-केर्न कालवा येतो दीडशे मैलांचा. नदी शहरातून जाते पण पात्र बहुतेक कोरडं, पाणी वरच्यावरच वळवलेलं असतं. या नदीवरून काठावरचे जमीनदार आणि वरचे कालवेवाले १८८६ ला राज्याच्या सुप्रीम कोर्टापर्यंत भांडले होते. उरलेली तहान बोअरवर भागवली, इतकी की खोऱ्यात जमीन खचली, मग २०१४ ला उपशावर लगाम घालणारा कायदा आला आणि आता काही जण बागा उपटायला लागलेत.

धुक्यात_हरवलेला: दम्याचं नीट ऐका. तीन बाजूंनी डोंगर, म्हणजे परातीच्या तळाशी राहिल्यासारखं, धूर-धूळ बाहेर जातच नाही. उन्हाळ्यात ३८ च्या वर पारा आणि ओझोन (धुरावर ऊन पडून होणारा, छातीला त्रास देणारा वायू), हिवाळ्यात बारीक कण, देशातल्या वाईट हवेच्या यादीत हे शहर कायम वर असतं. शिवाय व्हॅली फीव्हर, मातीतल्या बुरशीचा रोग, धुळीबरोबर फुप्फुसात जातो, खोकला लांबला तर डॉक्टरला आपणहून सांगायचं की आम्ही केर्नमधे राहतो. सासऱ्यांना मार्च-एप्रिलला बोलवा. डिसेंबर-जानेवारीत टुली फॉग, पुढच्या गाडीचे लाइट दिसत नाहीत. हे धुकं पूर्वीपेक्षा कमी झालंय, त्याने ड्रायव्हर खूश पण पिस्तावाले नाराज, झाडांना नीट फळ धरायला हिवाळ्यात लागणारे थंडीचे तास पुरत नाहीत म्हणून.

लालबावटा: तेल, पाणी सगळं सांगितलंत, राबणारे कुठे गेले? १९३० च्या दशकात ओक्लाहोमा-टेक्सासकडून दुष्काळ आणि धुळीच्या वादळांनी उठलेले लोक इथे कापूस वेचायला आले, 'ओकी' म्हणून हिणवलं त्यांना. आणि ८ सप्टेंबर १९६५ ला इथल्याच डेलॅनो गावात द्राक्षमजुरांचा संप झाला, सुरुवात लॅरी इटलिआँगबरोबरच्या फिलिपिनो मजुरांनी केली, आठवड्याभराने सेझार चावेझची मेक्सिकन मजुरांची संघटना आत आली, पण लोकांच्या तोंडात नाव चावेझचंच. देशभर द्राक्षांवर बहिष्कार पडला तेव्हा १९७० ला बागाईतदार करारावर आले. नाशिकच्या बागांत राबणाऱ्यांनी वाचावं असं आहे हे.

कोथरूडची_मैना: बापरे, थँक्यू सगळ्यांना! मग तेहाचापीला घर घेतलं तर हवा बरी मिळेल का?

धुक्यात_हरवलेला: बरी मिळेल, जवळपास ४००० फुटांवर आहे, उन्हाळा सुसह्य. पण वारा सोसाट्याचा आणि बर्फ पडतो, नवऱ्याचं ऑफिस बेकर्सफील्डातच असेल तर रोज घाट उतरायचा. साइट मोजावेकडे असेल तर मात्र बिनधास्त घ्या. आधी ते विचारून घ्या.