मदत हवी आहे: नॅफिऑन ११५ मध्ये झिर्कोनियम फॉस्फेट आत जाण्याऐवजी बाहेरच साचतंय

इंधन घटासाठी १२० अंश सेल्सिअस आणि ५० टक्क्यांखालची सापेक्ष आर्द्रता सोसणारा पडदा हवा आहे. नुसतं नॅफिऑन (प्रोटॉन वाहून नेणारा बहुवारिकाचा पडदा) शंभरापुढे कोरडं पडतं आणि त्याची प्रोटॉनवाहकता कोसळते, म्हणून आत पाणी धरून ठेवायला झिर्कोनियम फॉस्फेट भरतोय.

पद्धत नेहमीचीच. ३% हायड्रोजन पेरॉक्साइड, पाणी, ०.५ मोलर सल्फ्युरिक आम्ल, पुन्हा पाणी (प्रत्येकात तासभर उकळून). मग १:१ मिथेनॉल-पाण्यात फुगवून ८० अंशांवर १ मोलर झिर्कोनिल क्लोराइडमध्ये, आणि शेवटी त्याच तापमानाला १ मोलर फॉस्फोरिक आम्लात रात्रभर.

वजन २०-२५ टक्के वाढतं, पण त्यावर भुलू नका. पृष्ठभाग खरवडला की पांढरी पूड निघते, आणि छेदाच्या एक्स-रे नकाशात झिर्कोनियम मध्यभागी विरळ, कडेला दाट. वाळताना पडदा गुंडाळतो, मग तडे जातात.

माझा अंदाज: द्रावणात झिर्कोनियम सुट्या आयनापेक्षा चार अणूंच्या, ८+ भाराच्या गुच्छात असतं. तो गुच्छ मोठा, म्हणून आत सरकायला वेळ घेतो. शिवाय पडद्याला चिकटून आलेलं द्रावण फॉस्फोरिक आम्ल लागताच बाहेरच अवक्षेपित होतं.

प्रश्न असे:
- झिर्कोनिल क्लोराइडनंतर, फॉस्फोरिक आम्लाआधी थंड पाण्याने किती वेळ धुता? जास्त धुतलं तर आतलंही निघून येतं का?
- हायड्रोक्लोरिक आम्ल घालून झिर्कोनियमचं जलविघटन रोखावं, तर त्यातले प्रोटॉन सल्फोनेटच्या (नॅफिऑनमधल्या ऋणभारित गटांच्या) जागांसाठी झिर्कोनियमशी स्पर्धा करतात. कोणती तीव्रता जमली?
- टेफ्लॉनच्या चौकटीत ताणून वाळवल्याने तडे थांबतात का?

वाहकता मोजली असेल तर जाडीच्या दिशेची सांगा. पृष्ठभागाला समांतर मोजलेला आकडा असा थर असताना फसवतो.