अमेरिकेच्या दक्षिणेत मोटरहोमने फिरताना मुक्कामाचं पार्क कसं निवडलंत? (अनुभव लिहा)

रानजाई

शेजारच्यांनी दारात भाड्याची मोटरहोम (झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, आरव्ही पण म्हणतात) आणून उभी केली आहे. क्लास सी, ड्रायव्हरच्या डोक्यावर झोपायची माडी असलेली. स्प्रिंग ब्रेकला, म्हणजे शाळांच्या वसंतातल्या सुट्टीत, जॉर्जियातून आलाबामा-मिसिसिपीकडे निघालेत. संध्याकाळी शेजारीण सहज विचारायला आली, "तुम्ही गेला होतात ना, रात्री गाडी लावून राहायला पार्क कुठलं घेतलं होतं?" आणि मी जी सुरू झाले ती तिच्या ओव्हनमधलं काहीतरी करपल्याचा वास येईपर्यंत.

आम्ही गेलो तेव्हा सासू-सासरे पुण्याहून आले होते. सासऱ्यांना नॅचेझ ट्रेस बघायचा होता. मिसिसिपीतल्या नॅचेझपासून टेनेसीत नॅशव्हिलपर्यंत ४४४ मैलांचा रस्ता, मालवाहू ट्रक नाहीत, जाहिरातींचे फलक नाहीत, वेगमर्यादा ५०. त्यांचा मुलगा आयुष्यात पहिल्यांदा त्यांना पटेल इतक्या हळू गाडी चालवत होता, त्यामुळे स्वारी खूश. या रस्त्यावर नॅशनल पार्कवाल्यांची तीन कॅम्पग्राउंड्स चक्क फुकट आहेत: रॉकी स्प्रिंग्ज, जेफ बझ्बी, मेरिवेदर लुइस. फुकट म्हटल्यावर आमच्याकडे चर्चा संपते. पण तिथे विजेची जोडणी नाही, गाडीला पाण्याचा नळ नाही, आरक्षण नाही, जो आधी येईल त्याची जागा. एप्रिलच्या सुरुवातीला खिडक्या उघड्या टाकून झोपलो, काय सुख होतं! जुलैत तिथेच एसीशिवाय झोपून दाखवा, मी हार घालायला येईन.

मग अंगं धुवायची, कपडे धुवायचे म्हणून टुपेलोच्या अलीकडे एक खासगी पार्क घेतलं. फुल हुकअप (वीज, पाणी, सांडपाणी, तिन्ही जोडण्या जागेवरच), फोटोत तळं आणि बदकं. तळं होतं. बदकंही होती. आणि तळ्याच्या पलीकडच्या काठाने मालगाडीचा रूळ. फाटक आलं की इंजिनाने दोन लांब, एक आखूड, एक लांब असा भोंगा द्यायचा हा नियमच आहे, आणि त्या गावात फाटकं भरपूर. सासूबाईंचं माहेर दौंडचं. त्या रात्री गाढ झोपलेल्या त्या एकट्याच.

तर लिहा तुमचे किस्से. खेड्यापाड्यातली दक्षिणच हं, यलोस्टोन नको.

रॉकेटवाला

रूळ!! अहो वरून दिसणारा सॅटेलाइट नकाशा बघितल्याशिवाय आम्ही पैसे भरतच नाही. रूळ, इंटरस्टेट आणि तिसरी गोष्ट कोणी सांगत नाही ती म्हणजे लांबच लांब पांढरी छपरं, शेजारी शेजारी चार-सहा. त्या कोंबड्यांच्या शेड. उत्तर आलाबामा, उत्तर जॉर्जिया, अर्कान्सा, सगळीकडे. वारा तुमच्या बाजूला फिरला की रेटिंग वगैरे सगळं विसरायचं. आलाबामातल्या हंट्सविलला इतकी वर्षं राहून एवढं ज्ञान मिळवलंय.

सुगरण_नाहीच

आत फोडणी दिली की स्मोक अलार्म वाजतो. पार्क कुठलंही घ्या. इति.

रानजाई

@सुगरण_नाहीच मोहरी तडतडली आणि सासरे पंचांगाने वारा घालायला लागले त्या अलार्मला 😄 मग बाहेरच्या टेबलावर शेगडी मांडली. शेजारच्या गाडीतला आजोबा वास घेत आला आणि पोहे खाऊन गेला.

प्लगपॉइंट

विजेबद्दल कोणीच लिहीत नाही म्हणून लिहितो. प्रत्येक जागेला विजेचा खांब असतो, त्यात गाडीची वायर लावायची. ३० अँपचा खांब म्हणजे १२० व्होल्टला ३,६०० वॅट, संपलं. ५० अँपच्या खांबाला दोन लाइन येतात, म्हणजे १२,०००. नावात फरक वीसचा, प्रत्यक्षात तिपटीहून जास्त. मोठी गाडी असेल, छतावर दोन एसी असतील आणि ऑगस्टमध्ये मिसिसिपीत असाल तर ५० च मागा. ३० वर एक एसी आणि मायक्रोवेव्ह एकत्र लावलं की ब्रेकर पडण्याची वेळ येते. जुन्या पार्कांत वेगळीच गंमत. दुपारी चारनंतर सगळ्यांचे एसी चालू, व्होल्टेज बसतं, आणि कमी व्होल्टेजवर एसीचा कॉम्प्रेसर तापून मरतो. नुसता सर्ज प्रोटेक्टर पुरत नाही, व्होल्टेज पडलं की जोडणी तोडणारा घ्या. आणि गाडी जागेवर लावून, जॅक टेकवून, ताडपत्री पसरून मग नाही, त्याच्या आधी खांब तपासा.

निनावी_वऱ्हाडी

@प्लगपॉइंट म्हणजे अमेरिकेत जाऊनही स्टॅबिलायझरच लावा लागते का बाप्पा

प्लगपॉइंट

हो 😂

गोदाकाठ

नदीकाठची जागा घेऊ नका, एवढंच सांगायला आलो.

फोटोत सगळ्यात सुंदर तीच दिसते, भाडंही तिचंच जास्त असतं. अर्कान्सात वॉशिटॉ जंगलातल्या अल्बर्ट पाइक कॅम्पग्राउंडवर ११ जून २०१० च्या पहाटे लिटल मिझुरी नदी चढली आणि २० माणसं गेली. लोक झोपेत होते. टेक्सासात ग्वादालूपे नदीकाठी ४ जुलै २०२५ ला पुन्हा तेच, रात्रीची वेळ, सुट्टीमुळे भरलेली पार्कं, आरव्ही माणसांसकट वाहून गेल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाने पश्चिम नॉर्थ कॅरोलायनात काय केलं ते तर आम्ही शार्लटला राहून जवळून पाहिलं. समुद्रापासून शेकडो मैल आत, डोंगरात. चिंचोळ्या दरीत पाऊस वर कुठेतरी पडतो आणि पाणी तुमच्या दारात येतं, तुमच्यावर थेंबही न पडता.

नाशकात दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं हे विचारून पूर मोजणाऱ्या घरातला मी. तिकडे मारुती नाही. मी ऑफिसात फोन करून सरळ विचारतो, पाणी कधी कुठवर आलं होतं? खरं सांगणारे असतात, विशेषतः म्हाताऱ्या बायका. "आमच्याकडे कधीच नाही" असं पटकन म्हणाले की मी दुसरं बघतो. आणि बाहेर पडायला रस्ता एकच असेल आणि तो ओढ्यावरच्या ठेंगण्या पुलावरून असेल, तरी दुसरं बघतो.

रानजाई

बरं केलंत लिहिलंत. शेजारणीला आत्ताच पाठवते हे.

मीठभाकर

जेवणं उरकून लिहितेय, चुका चालवून घ्या. नदी झाली, आता वादळ. मार्च ते मे आलाबामा-मिसिसिपी-टेनेसी म्हणजे टोर्नाडो, आणि तिकडे ते रात्री पण येतात, झाडी-टेकड्यांमुळे लांबून दिसत नाहीत. २७ एप्रिल २०११ च्या टोर्नाडोंबद्दल आलाबामातल्या कुणालाही विचारा, तो माणूस कुठे होता ते सांगेल. मोटरहोम हा आसरा नाही, ती उलटते.

म्हणून दोन प्रश्न. आसरा कुठे आहे, आणि हे पार्क कुठल्या काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखं) येतं? दुसरा ऐकून लोक हसतात. पण रेडिओवर इशारा काउंट्यांची नावं घेऊन येतो, आणि आपल्याला गावाचं नाव माहीत असतं फार तर. आम्ही आलाबामात कलमनच्या बाजूला होतो तेव्हा रात्री भोंगे सुरू झाले. सगळं पार्क सिमेंटच्या बाथरूममध्ये. मी नाइट गाऊन, वर नवऱ्याचं जॅकेट, हातात पासपोर्टची पिशवी. माझ्या आईला कुणीतरी शॉवरमधलं प्लास्टिकचं स्टूल दिलं आणि एका बाईने आपलं कुत्रं तिच्या मांडीवर ठेवलं, कुत्र्याला भीती वाटते म्हणून. आई कुत्र्यांना घाबरते. पण बसली घेऊन. वादळ उत्तरेकडून निघून गेलं. आईला अजून त्या कुत्र्याचं नाव आठवतं, माझ्या नणंदेच्या मुलाचं आठवत नाही.

तळ्यातमळ्यात

एवढं घाबरवू नका हो लोकांना 🙂 आमचं उत्तर एकच, आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सची, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर खात्याची कॅम्पग्राउंड्स. धरणं त्यांनी बांधली, तळ्यांच्या काठी जागाही त्यांच्या. अॅलटूना, वेस्ट पॉइंट, अर्कान्सातलं डीग्रे. जागा ऐसपैस, झाडं मोठी, शेजारच्याची घोरणी ऐकू येत नाहीत. वीज-पाणी बहुतेक ठिकाणी असतं. सांडपाण्याची जोडणी सहसा जागेवर नसते, निघताना टाक्या रिकाम्या करायला डम्प स्टेशनवर जायचं. बुकिंग सरकारी साइटवर, चांगल्या जागा सहा महिने आधीच उडतात.

आणि ज्यांचे आई-वडील ग्रीनकार्डवर आहेत त्यांनी लक्ष द्या. वय ६२ पूर्ण असेल तर त्यांना सीनियर पास मिळतो, ८० डॉलरमध्ये आयुष्यभराचा, आणि कोअरच्या कॅम्पग्राउंडचं भाडं निम्मं. व्हिजिटर व्हिसावाल्यांना नाही. माझे वडील तो पास पाकिटात पॅनकार्डाच्या पुढे ठेवतात.

सुगरण_नाहीच

@तळ्यातमळ्यात पास असलेले बाबा गाडीत असायलाच लागतात ना? की नुसता पास? 😇

तळ्यातमळ्यात

बाबा लागतात.

गुलकंद

डम्प स्टेशनचा विषय निघालाच आहे तर, जेवत असाल तर पुढच्या प्रतिसादावर जा. काळी टाकी (संडासाची) आधी, राखाडी नंतर. म्हणजे भांड्या-आंघोळीच्या पाण्याने नळी धुतली जाते. आणि फुल हुकअप मिळालं म्हणून काळ्या टाकीचा व्हॉल्व्ह दिवसभर उघडा ठेवायचा नाही, पाणी वाहून जातं आणि बाकीचं तिथेच बसतं. मराठी घरात जन्मल्यामुळे टाकीत पाणी भरपूर जातं, हा आपला फायदा.

खरं सांगायचं होतं ते वेगळंच. आम्ही लुइझियानात लेक चार्ल्सच्या बाजूला एका पार्कात गेलो तर निम्मी जागा महिन्याच्या भाड्याने राहणाऱ्यांची. रिफायनरीत, पाइपलाइनवर कामाला आलेले वेल्डर, फिटर. ट्रकवर चिखल, दारात वॉशिंग मशीन. रिव्ह्यूंमध्ये लोक यावरून नाकं मुरडतात, "कायमचे रहिवासी आहेत, टाळा". आमच्या पाण्याच्या जोडणीतून धार लागली तेव्हा ऑफिस बंद होतं. समोरचा वेल्डर पहाटेच्या पाळीवर निघाला होता, थांबला, वॉशर बदलला, दाब कमी करणारा रेग्युलेटर नाही बघून स्वतःचा जुना काढून दिला. संध्याकाळी हरणाच्या मांसाचे सॉसेज घेऊन आला. आम्ही शाकाहारी. नवऱ्याने ते इतक्या आदराने हातात धरलं होतं की मला हसू आवरेना. शेवटी त्यालाच परत वाढलं, वरणभाताबरोबर. त्याने वरणावर टबॅस्को, म्हणजे तिखट सॉस, घातलं आणि म्हणाला, गंबोला (तिकडचं भाताबरोबरचं कालवण) लाव काहीतरी असं.

तेव्हापासून मी उलटं बघते. जिथे काम करणारी माणसं राहतात तिथे वीज, पाणी, वॉशिंग मशीन चालू असतं, कारण बंद पडलं तर तेच ऑफिसात जाऊन उभे राहतात.

निनावी_वऱ्हाडी

एक विचारू का, कोणी बोलून नाही राहिलं म्हणून. आमच्या घरी याच्यावरूनच बेत अडकला आहे. बायको म्हणते त्या भागात ते जुने कॉन्फेडरेट झेंडे, गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणेचे, लावलेले असतात घरांवर, आपण चार सावळी माणसं, रात्री मुक्काम कशाला. खरं काय आहे?

गुलकंद

झेंडे दिसतात. पोटात गोळा पण येतो, खोटं कशाला बोलू. आम्हाला कोणी काही केलं नाही.

रॉकेटवाला

@निनावी_वऱ्हाडी एकदा झालं. फोनवर जागा आहे म्हणाले, समोर गेल्यावर "चुकून सांगितलं गेलं". मागून आलेल्या गाडीला मिळाली. मी वाद घातला नाही, मुलं गाडीत होती. अर्ध्या तासावर स्टेट पार्क होतं, तिथल्या रेंजरबाईने बंद झालेलं ऑफिस उघडून जागा दिली. तेव्हापासून अनोळखी भागात पहिली रात्र सरकारी जागेत, स्टेट पार्क नाहीतर कोअर. दिवसाउजेडी पोचायचं. बाकी शंभरातले नव्वद लोक तुम्हाला गाडी मागे घ्यायला हात दाखवतील आणि कुठल्या चर्चला जाता ते विचारतील. "देवळात जातो" म्हटलं की पुढचा प्रश्न, मग रविवारी मोकळे आहात का?

मीठभाकर

@निनावी_वऱ्हाडी वहिनींना बुकिंगचा फोन करायला सांगा. आवाजावरून मला तरी बरंच कळतं.

प्लगपॉइंट

पार्क मिळालंच नाही असं कुणाचं झालंय? आम्ही ऑक्टोबरात टॅलाडेगाच्या पंचक्रोशीत गेलो, गाड्यांची शर्यत त्याच आठवड्यात. टस्कलूसा, ऑबर्नला शरदातल्या शनिवारी कॉलेज फुटबॉल असेल तर पन्नास मैलांत जागा नाही. ८ एप्रिल २०२४ च्या खग्रास ग्रहणाला अर्कान्सात तर लोक शेतात गाड्या लावायचे पैसे घेत होते.

गोदाकाठ

आणि जॉर्जियातून आलाबामात शिरलं की घड्याळ एक तास मागे जातं. आम्ही ऑफिस बंद होईल म्हणून धापा टाकत पोचलो, तर चेकइनच सुरू झालेलं नव्हतं.

सुगरण_नाहीच

वाटेत रस्त्याकडेला उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा मिळतात त्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणजे काय?? हाताने रंगवलेली पाटी, मोठं पातेलं, मीठ सढळ. मी पार्क त्या पातेल्याच्या अंतरावरून निवडते.

रानजाई

अगं हो! सासूबाईंनी त्या दुकानदाराला "हळद का नाही घालत?" विचारलं होतं. मी भाषांतर केलं नाही.

मीठभाकर

घरी करतं का कोणी? इथे भाजलेल्याच मिळतात.

सुगरण_नाहीच

भाजलेल्या नको, त्या उकडूनही कडकच राहतात. कच्च्या वाळलेल्या सालीसकट मिळाल्या तर रात्रभर भिजव, मग कुकर. ऑगस्टच्या सुमाराला शेतकरी बाजारात ओल्या येतात त्या सगळ्यात भारी, पटकन होतात.

मीठभाकर

शिट्ट्या किती?

सुगरण_नाहीच

ओल्या असतील तर चार-पाच, वाळलेल्यांना विचारू नकोस, मी मोजणं सोडलंय. मधून एक काढून खाऊन बघ.