मदत हवी आहे: अ‍ॅमीटरचा काटा प्लसमध्ये, तरी बॅटरी उतरतेच

नमस्कार मंडळी,

घरात १९५४ सालची ब्रिटिश ३५० सीसी सिंगल (एका सिलिंडरची मोटरसायकल) आहे. वडिलांची. बारा वर्षं ताडपत्रीखाली पडून होती, आता कशीबशी रस्त्यावर आणली आहे. ६ व्होल्ट, वीज बनवायला डायनॅमो, आणि त्याचे व्होल्ट आवाक्यात ठेवायला सीटखाली काळ्या डबीतला मूळ रेग्युलेटर. इग्निशन मॅग्नेटोवर आहे (तो ठिणगीची वीज स्वतःच बनवतो), त्यामुळे बॅटरी मेली तरी इंजिनाला फरक पडत नाही, आणि म्हणूनच मी इतके दिवस दुर्लक्ष करू शकलो.

बॅटरी नवी कोरी. चार्जरवरून काढून तासभर ठेवली की ६.३ व्होल्ट दाखवते. दोन-तीन फेऱ्या झाल्या की हॉर्न घसा बसल्यासारखा वाजतो आणि हेडलाइट पिवळा पडतो. गोंधळ असा की अ‍ॅमीटर (बॅटरीत येणारा करंट प्लसमध्ये, जाणारा मायनसमध्ये दाखवणारा मीटर) सगळं ठीक असल्याचं सांगतो! हेडलाइट लावला की काटा चांगला चारच्या पुढे, प्लसच्या बाजूला. चार्जिंग होतंय तर वीज जाते कुठे? आणि डायनॅमो बघू की रेग्युलेटर? मल्टिमीटर आहे, वापरण्यापुरती अक्कलही आहे.

प्रतिसाद:
सरळ १२ व्होल्ट करून टाका आणि इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवा. या जुन्या डब्यांच्या नादी लागू नका.

प्रतिसाद:
आधी दुखणं शोधा, मग औषध. डायनॅमोच मेला असेल तर नवा रेग्युलेटर काय कप्पाळ रेग्युलेट करणार?

धागाकर्ते, एक गंमत करून बघा. इंजिन बंद ठेवून हेडलाइट लावा. काटा कुठे जातो? दुसरं, इंजिन चालू करून मल्टिमीटर थेट बॅटरीच्या टोकांना लावा आणि हळूहळू रेस द्या. आकडा ७ च्या पुढे चढायला हवा. चढला नाही तर चार्जिंग नाही, काटा काहीही म्हणो.

धागाकर्ता:
इंजिन बंद असतानाही काटा प्लसमध्येच, चारच्या पुढे!! म्हणजे हा माणूस मला इतके दिवस फसवत होता. बॅटरीवर ६.१ होते, रेस देऊनही ६.१ च. लाइट लावला की ५.८. डायनॅमो गेला म्हणायचा का?

प्रतिसाद:
इतक्यात तिरडी बांधू नका. काटा उलटा का, ते नंतर बघू. एक तर कोणीतरी अ‍ॅमीटरच्या वायरी अदलाबदल केल्यात, नाहीतर बॅटरी उलटी बसली आहे. माझा संशय दुसऱ्यावर.

डायनॅमोवर डी (वीज बाहेर देणारं) आणि एफ (फील्ड कॉइलचं, म्हणजे आतलं चुंबकत्व तयार करणाऱ्या गुंडाळीचं) अशी दोन टोकं असतील. दोन्हीवरच्या वायरी काढा, खुणा करून ठेवा. ती दोन टोकं छोट्या वायरने एकमेकांना जोडा. मीटरची लाल पिन त्या जोडावर, काळी डायनॅमोच्या बॉडीवर घट्ट (रंगावर नको, खरवडलेल्या धातूवर). इंजिन आयडलवर ठेवा, रेस मुंगीच्या पावलाने वाढवा. आकडा न अडखळता चढला पाहिजे. १० व्होल्टला थांबा, कारण या जोडणीत त्याला लगाम घालायला रेग्युलेटर नसतो. अगदी शून्य आलं तर आधी ब्रश (फिरत्या भागाला टेकणारे कार्बनचे तुकडे) बघा. अर्ध्या व्होल्टच्या आसपास रेंगाळला तर फील्ड कॉइलवर संशय घ्या, कारण तेवढे व्होल्ट लोखंडात उरलेल्या चुंबकत्वाचेच असतात.

आकडा चढला तर डायनॅमो ठणठणीत, मग मोर्चा रेग्युलेटरकडे.

प्रतिसाद:
बेल्ट किंवा चेन काढून डायनॅमोला बॅटरी दिली की तो मोटरसारखा फिरतो. पाच मिनिटांची टेस्ट, इंजिन चालवायलाही नको.

प्रतिसाद:
टेस्ट बरोबर आहे, पण आत्ता नको. बॅटरी ज्या दिशेने जोडाल त्याच दिशेने डायनॅमोची पोलॅरिटी (प्लस-मायनसची दिशा) ठरून जाईल आणि आपल्या हातातला पुरावा पुसला जाईल. आधी तो मूळचा काय देतो ते पाहू.

धागाकर्ता:
रविवार सत्कारणी लागला. पहिलं रीडिंग ०.००. एफ आणि बॉडीमध्ये २.९ ओहम आले, म्हणजे फील्ड शाबूत असावी. मागचं झाकण काढलं तर एक ब्रश कार्बनच्या भुकटीत असा रुतलेला की स्प्रिंग दाबतेय आणि तो जागचा हलत नाही. काढून होल्डर साफ केला, कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो फिरता तांब्याचा भाग) पेट्रोलच्या फडक्याने पुसला. फडकं कोळशासारखं झालं. परत जोडलं तर आकडा मस्त चढला! ८ पर्यंत नेऊन थांबलो. मीटरवर वजा चिन्ह येत होतं, पिना उलट लागल्या असतील. आता वायरी रेग्युलेटरला जोडून चालवू का?

प्रतिसाद:
थांबा!! काहीही जोडू नका.

लाल पिन खरंच जोडावर होती का? असेल तर ते वजा चिन्ह म्हणजेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर. १९५० च्या दशकातल्या ब्रिटिश गाड्यांवर प्लस अर्थ सर्रास असायचं, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला. तुम्ही आजच्या सवयीने मायनस बॉडीला दिलंत ना?

धागाकर्ता:
पिना पुन्हा तपासल्या. लालच जोडावर होती. आणि हो, मायनसच बॉडीला दिलंय. दुसरं काही असू शकतं हे डोक्यातही आलं नाही.

प्रतिसाद:
मग त्या रुतलेल्या ब्रशचे आभार माना. तो मोकळा असता तर साडेसहा व्होल्टच्या सुमारास कटआऊट (रेग्युलेटरच्या डबीतला, डायनॅमो बॅटरीला जोडणारा आपोआप चालणारा स्विच) मिटला असता, आणि डायनॅमो व बॅटरी एकमेकांना पूरक होण्याऐवजी शॉर्टसारखे भिडले असते. कटआऊटचे पॉइंट चिकटतात ते असेच. काटाही म्हणूनच उलटा: बॅटरी उलटी, त्यामुळे बाहेर जाणारा करंट त्याला आत येणारा वाटतो.

आता दोन रस्ते. एक, बॅटरी फिरवून प्लस बॉडीला द्या, बाकी कशाला हात लावू नका. दुसरा, मायनस अर्थच हवं असेल तर डायनॅमो फ्लॅश करा, म्हणजे त्याची पोलॅरिटी उलटवा: इंजिन बंद, एफची वायर काढलेली, आणि बॅटरीच्या प्लसवरून एक वायर एफच्या टोकाला जेमतेम सेकंदभर टेकवायची. ठिणगी उडेल, घाबरू नका. मग अ‍ॅमीटरच्या दोन वायरीही अदलाबदल कराव्या लागतील. मॅग्नेटोला यातल्या कशाचंच सोयरसुतक नाही. मी पहिला रस्ता घेईन, उद्या दुसऱ्या कोणी गाडी उघडली तर मूळ नकाशाशी जुळेल.

हो, आणि कम्युटेटर घासायची वेळ आली तर बारीक सँडपेपर घ्या, एमरी (धातू घासायची पट्टी) नको. तिचे कण खाचांमध्ये अडकले की नवीन दुखणं.

प्रतिसाद:
वाचनखूण साठवली. माझ्याकडेही एक ताडपत्रीखाली आहे.

धागाकर्ता:
पहिलाच रस्ता घेतला. बॅटरी फिरवली, डी-एफ जागेवर. इंजिन बंद, हेडलाइट चालू: काटा मायनसमध्ये, जन्मात पहिल्यांदा खरं बोलला. इंजिन चालू, जरा रेस: डबीतून बारीक टिक, काटा प्लस तीनवर, बॅटरीवर ७.१. हेडलाइट लावून मध्यम वेगात काटा शून्याच्या जरासा उजवीकडे राहतो. काल रात्री पाऊण तास फिरून आलो, हॉर्न शेजाऱ्यांना ऐकू गेला.

फक्त टेललाइट बंद पडला. मी हौसेने एलईडी बल्ब घातला होता, त्याला उलटी पोलॅरिटी मानवत नाही. वडिलांच्या हत्यारांच्या डब्यात तारेचा जुना बल्ब सापडला, तोच लावलाय.